पाचवे शील आणि सरकारी दवाखान्यातल्या चार खाटा

गेल्या वर्षावासात रोहा तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत आम्ही गेलो होतो. आषाढ पौर्णिमेचा दिवस होता. त्रिसरण-पंचशील झाले आणि पस्तिशीतला एक जण उठून उभा राहिला. आजपासून बंद, एवढेच म्हणाला. कंपनीत कंत्राटी कामगार, सकाळी ड्युटीला जाण्याआधी पाव आणि रात्री परतल्यावर पुन्हा, अशी त्याची बारा वर्षांची सवय. वाडीला सगळे ठाऊक होते. विहारात टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो.

तिसऱ्या रात्री आम्हाला फोन आला. त्याचे हात थरथरत होते, अंगाला पाणी सुटले होते, भिंतीवर किडे फिरताना दिसत होते, बायकोला तो ओळखत नव्हता. कुणी म्हणाले बाहेरचे लागले आहे, कुणी म्हणाले थोडी पाजा म्हणजे शांत होईल. मध्यरात्री फिट आली तेव्हा टेम्पो काढला. पहिल्या दवाखान्याने पुढे पाठवले, दुसऱ्याने आणखी पुढे. तो वाचला. पण पंधरा दिवसांत पुन्हा प्यायला लागला, कारण परत आल्यावर त्याला विचारणारे कुणी नव्हते. त्याच्या आईने आम्हाला जे विचारले त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. ती म्हणाली, "बाळांनो, शील घेतलं म्हणून माझ्या पोराला असं झालं का रे?"

हा लेख त्या आईसाठी आहे. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर धम्मात नाही, सरकारी हिशेबाच्या वहीत आहे, म्हणून तो पेण आणि रोह्याच्या तरुण कार्यकर्त्यांसाठी लिहीत आहोत.

आधी वैद्यकीय बाजू, कारण ती आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याचे शरीर दारूला सरावलेले असते. ती एकदम तोडली की सहा ते चोवीस तासांत हात कापणे, घाम, मळमळ, झोप उडणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, भान हरपते, ताप चढतो. या शेवटच्या अवस्थेला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाला नाही तर तिच्यात माणूस दगावतो. सगळ्यांना असे होत नाही, पण सकाळी उठल्याबरोबर ज्याला घोट लागतो, ज्याला आधी कधी फिट आली आहे, त्याला धोका मोठा असतो. अशा माणसाला विहारात शपथ देऊन घरी पाठवणे म्हणजे त्याला एकट्याला दरीच्या कडेवर सोडणे आहे. शपथ घ्यावीच. पण दवाखान्यात घेऊन जाणारा कार्यकर्ता सोबत असावा.

उपचार काही दुर्मीळ नाही. ठरावीक गोळ्या, ज्यांचा डोस रोज उतरवत न्यायचा, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने, पाणी-क्षार सांभाळणे आणि आठवडाभर देखरेख. प्रशिक्षण घेतलेला साधा एमबीबीएस डॉक्टरही बहुतेक रुग्णांत हे करू शकतो. गुंतागुंत झाली तरच मोठे रुग्णालय लागते. खरे अवघड काम त्यानंतरचे आहे. शरीर स्वच्छ झाल्यावर येणारी ओढ, पगाराच्या दिवशीचे मित्र, घरातली भांडणे, आणि दर पंधरा दिवसांनी "कसा आहेस?" असे विचारणारा समुपदेशक. हे काम महिनोन् महिने चालते. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये किंवा ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात महिनाभर राहून आलेला माणूस रोहा स्टेशनावर उतरतो तेव्हा त्याचा उपचार संपलेला नसतो. कोलाड, नागोठणे, वडखळच्या माणसाने दर पंधरवड्याला पुण्याला जायचे म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि भाडे. तो दोनदा जातो, तिसऱ्यांदा जात नाही. मग आपण म्हणतो, याची इच्छाशक्तीच कमी.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पितात आणि सुमारे ५ कोटी ७० लाखांना त्यासाठी मदतीची गरज आहे, असे त्यात आढळले. आणखी एक आकडा मात्र भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार मिळतो तो १८० जणांत एकाला. ३७ जणांची इच्छाशक्ती कमी आहे, असे म्हणणे आता तरी सोडू या.

पैसा कुठून येतो आणि कुठे जातो

महाराष्ट्र सरकारला राज्य उत्पादन शुल्कातून वर्षाला २० हजार कोटी रुपयांहून अधिक मिळतात. मद्यावरचा विक्रीकर यात धरलेला नाही. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचे आणि देशी दारूवरचे शुल्क वाढवले, तेव्हा वर्षाला आणखी सुमारे १४ हजार कोटी मिळतील असा सरकारचाच अंदाज होता. पेणच्या बाजारात आणि रोह्याच्या नाक्यावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीतला हिस्सा या रकमेत आहे. हा पैसा मुंबईला जातो तेव्हा त्याच्या पाठीवर कुणाचे नाव नसते. परत येताना तो रस्ता म्हणून येईल, कर्जाचे व्याज म्हणून जाईल, काहीही होईल. दारूने आजारी पडलेल्यांच्या उपचारासाठी त्यातला ठरावीक टक्का बाजूला काढावा, असे बंधन नाही.

शिवाय खाती तीन. कमावते उत्पादन शुल्क खाते. व्यसनमुक्तीचा प्रचार, पथनाट्ये, पुरस्कार आणि २०११ चे राज्याचे व्यसनमुक्ती धोरण हे सामाजिक न्याय खात्याचे. आणि फिट आलेला माणूस ज्या दारात नेतात ते आरोग्य खात्याचे. पोस्टर एका खात्याचे, खाट दुसऱ्याची. निवेदन घेऊन गेलेल्या कार्यकर्त्याला "हे आमच्याकडे येत नाही" हे वाक्य तीनदा ऐकावे लागते ते यामुळे. म्हणून निवेदन कुणाला द्यायचे हे आधी ठरवले पाहिजे.

इथे बाबासाहेबांची एक आठवण आवश्यक आहे, कारण आपल्या व्यासपीठांवर ती सांगितली जात नाही. व्यक्ती म्हणून बाबासाहेब दारूपासून दूर होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पण शेड्युल्ड कास्ट फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीला विरोध आहे. महसूल बुडतो आणि चोरटी दारू वाढते, हा तिथला युक्तिवाद. यात विसंगती शोधणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की १९२५ साली प्रांतिक अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिणारा हा माणूस होता. आबकारीचा पैसा केंद्राचा किती आणि प्रांताचा किती, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. शील हे माणसाने पाळायचे आणि महसूल हा सरकारने जनतेसाठी नीट खर्च करायचा, या दोन गोष्टी ते वेगळ्या ठेवत. आज त्या जाहीरनाम्याशी कुणी सहमत असो वा नसो, दारूचा प्रश्न अर्थसंकल्पात बघायचा ही सवय मात्र आपण त्यांच्याकडून घ्यायला हवी. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्येही मादक पदार्थांच्या बंदीचा उल्लेख ज्या वाक्यात येतो, त्याच अनुच्छेदाची सुरुवात पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, इथून होते. बंदीवाले अर्धाच अनुच्छेद वाचतात.

कायदा आपल्या बाजूने आहे

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक स्थिती धरल्या आहेत. म्हणजे व्यसनी माणूस कायद्याने रुग्ण आहे. कलम १८ प्रत्येकाला सरकारने चालवलेल्या किंवा सरकारी पैशावर चाललेल्या सेवेतून उपचाराचा हक्क देते. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तो मोफत. आणि जिल्ह्यात किमान सेवा उपलब्ध नसतील तर त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या सेवेत उपचार घेण्याचा हक्क आहे, त्याचा खर्च सरकारने सोसायचा आहे. ही तरतूद वापरून एखाद्या कुटुंबाने अर्ज केल्याचे आमच्या परिसरात आम्ही तरी पाहिलेले नाही. पहिला अर्ज कुणी तरी करायचा आहे.

त्याच कायद्याने व्यसनमुक्ती केंद्रांना राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी सक्तीची केली आहे. रुग्णाला साखळीने बांधणे गुन्हा आहे. हे सांगायचे कारण असे की सरकारी सोय नसली की रिकाम्या जागेत दुसरे कुणी तरी उभे राहते. रात्री गाडी पाठवून माणूस उचलून नेणारी, घरच्यांना महिनाभर भेटू न देणारी, मंगळसूत्र गहाण ठेवून भरलेली फी घेणारी केंद्रे आहेत. चांगली खासगी केंद्रेही आहेत, त्यांना नोंदणी क्रमांक विचारला तर ती रागावत नाहीत. जाहिरातीतले "न सांगता दारू सोडवा" छापाचे चूर्ण वहिनींनी दादाच्या भाजीत कालवू नये, हेही सांगून टाकतो. त्यात काय मिसळले आहे हे कुणी सांगत नाही, आणि दारूशी लढणारी काही औषधे पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब धाडकन उतरतो.

गांजा, गोळ्या, एमडी यांच्या विळख्यात सापडलेली पोरे पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात जात नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात खोपोलीजवळ एमडी बनवणारा कारखाना पकडला गेला, त्यामुळे हे संकट मुंबईचे आहे असे समजण्यात अर्थ नाही. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य संस्थेत उपचार घ्यायला तयार झाली तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. वकिलाला विचारून ही वाट धरावी. १४४४६ हा केंद्र सरकारचा नशामुक्ती मदत क्रमांक आणि १४४१६ हा टेलिमानसचा. दोन्ही फोन मोफत आहेत. विहाराच्या फलकावर कार्यक्रमाच्या तारखेखाली हे दोन आकडे लिहायला खडूच लागतो.

मागायचे काय, कुणाकडे

"पेण-रोह्यात व्यसनमुक्ती केंद्र झाले पाहिजे" ही घोषणा ऐकायला चांगली आहे. तिच्यावर अधिकारी "शासनाकडे पाठवतो" असे लिहितात आणि कागद झोपतो. आमचे म्हणणे असे की नवी इमारत मागू नये. पेणला आणि रोह्याला उपजिल्हा रुग्णालये आहेत. प्रत्येकात चार खाटा, आठवड्यातून एक ठरलेला दिवस मानसोपचारतज्ज्ञाची ओपीडी, एक पूर्णवेळ समुपदेशक, आणि गोळ्यांचा खंड न पडणारा साठा, एवढेच मागावे. भूमिपूजनाचा फोटो यात नसल्याने पुढाऱ्यांना ते आवडणार नाही, हा या मागणीचा दोष आम्हाला मान्य आहे.

याला आधार आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून चालू आहे. त्यात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका असे पथक जिल्हा पातळीवर असते आणि त्याने तालुक्यांच्या रुग्णालयांत जाणे अपेक्षित असते. अलिबागचे पथक पेण-रोह्यात महिन्याला किती दिवस आले, किती व्यसनी रुग्ण तपासले, मंजूर पदे किती आणि भरलेली किती, गेल्या तीन वर्षांत किती निधी आला आणि किती परत गेला, हे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे माहिती अधिकारात विचारावे. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाहीत, तीस दिवसांत उत्तर. आम्ही हे आधी करायला सांगतो, कारण "सोय नाही" असे भाषणात म्हणणे वेगळे आणि सहीशिक्क्याचे उत्तर हातात घेऊन बोलणे वेगळे. उत्तरात सोय आहे असे निघाले तर उत्तमच, मग वाडीतली माणसे तिथे का पोहोचत नाहीत ते बघू.

केंद्राच्या नशामुक्ती राष्ट्रीय कृती आराखड्यातून सरकारी रुग्णालयांत व्यसन उपचार सुविधा सुरू करण्यासाठी पैसा दिला गेला आहे, आणि संस्थांना पुनर्वसन केंद्रांसाठी अनुदानही. १५ ऑगस्ट २०२० ला सुरू झालेले नशामुक्त भारत अभियान आधी २७२ जिल्ह्यांपुरते होते, नंतर सगळीकडे पसरले. मात्र ते मुख्यतः रॅली, शपथ आणि शिबिरांचे काम आहे. शपथांचा तुटवडा आपल्याकडे नव्हताच.

मग जिल्हा नियोजन समिती. पालकमंत्री तिचे अध्यक्ष, जिल्हाधिकारी सचिव. आरोग्यासाठी, नावीन्यपूर्ण योजनांसाठी आणि अनुसूचित जाती उपयोजनेसाठी तिच्या आराखड्यात वेगळे शीर्ष असते. समुपदेशकाचे मानधन आणि डॉक्टरांचे प्रशिक्षण ही मागणी इथे बसते. आपण उपयोजनेचा पैसा म्हटला की वस्तीतला रस्ता, गटार, समाजमंदिर एवढेच मागतो. वस्ती विकासाची योजना बांधकामापुरतीच आहे हे खरे, पण उपयोजना तेवढीच नाही.

ग्रामपंचायतीच्या पैशाबद्दल गैरसमज फार आहेत, म्हणून इथे थोडे थांबू. आरोग्य, समाजकल्याण, दुर्बल घटकांचे कल्याण हे विषय घटनेच्या अकराव्या अनुसूचीत आहेत. २०२१ ते २०२६ या पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात ग्रामपंचायतीच्या अनुदानातला ६० टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, ४० टक्के अबंधित. अबंधित पैसा गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो, पण पगारावर आणि आस्थापनेवर नाही. म्हणजे त्यातून समुपदेशक नेमा असा ठराव केला तर तो योग्य कारणानेच नाकारला जाईल. उपकेंद्रात बसायला खोली, पडदा घालून खासगीपणा, शाळेतली सत्रे, हे त्यातून मागता येते. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला-बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. त्यातून दरवर्षी पेव्हर ब्लॉक बसतात आणि समाजमंदिराला रंग लागतो. पाठपुराव्याला जाणाऱ्या रुग्णाचे आणि सोबतच्या माणसाचे एसटी भाडे त्यातून देण्याचा ठराव एखाद्या बौद्धवाडीने मांडून पाहावा. रक्कम इतकी लहान असेल की विरोध करणाऱ्याला लाज वाटेल. शहरात राहणाऱ्यांनी हेच पेण नगर परिषदेत आणि रोहा अष्टमी नगर परिषदेत, अर्थसंकल्पाची सभा होण्याआधी मांडावे. सभा झाल्यावर नव्हे.

आणखी एक साधन आपल्या दारात आहे आणि कुणाचे लक्ष नाही. आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. मधुमेह-रक्तदाबाच्या जोखमीसाठी. त्यात तंबाखू आणि रोजच्या दारूचा प्रश्न आहे. म्हणजे गावनिहाय माहिती कागदावर आधीच आहे. व्यक्तींची नावे कुणी मागू नयेत, ते चुकीचे ठरेल. पण गावात किती जणांनी "हो" म्हटले हा नुसता आकडा प्राथमिक आरोग्य केंद्राकडे मागता येईल आणि चार खाटांच्या मागणीला तोच सर्वांत चांगला पुरावा.

औद्योगिक पट्टाही आपल्याकडे आहे. धाटावची रसायन वसाहत, नागोठणे, डोलवी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक नफ्याच्या किंवा उलाढालीच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि प्रतिबंधक आरोग्यसेवा त्या यादीत आहे. सीएसआरमधून आणावे, पण त्यावर विसंबू नये. कंपनीचा प्राधान्यक्रम पुढच्या मार्चमध्ये बदलतो, रुग्णाचा आजार बदलत नाही.

दुकान बंद झाले, पुढे काय

बाटली आडवी करण्याचा मार्ग २००८ च्या नियमांनी गावांना दिला. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेतले जाते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते बंदीच्या बाजूने पडली तर परवानाधारक दुकान बंद होते. झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून अधिक, हे विसरून अनेक गावे हरली. ज्या गावात आयाबायांना हवे आहे तिथे हे जरूर करावे, आम्ही त्यांच्या सोबत आहोत. पण दुकान बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ज्याचे हात कापू लागतात तो हातभट्टी शोधतो. मुंबईच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, ती स्वस्त दारू पिणारी, मजुरी करणारी माणसे होती. बंदीच्या मागणीसोबत उपचाराची मागणी त्याच अर्जात, त्याच दिवशी हवी.

याबाबत गडचिरोलीकडे पाहावे. तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती जनआंदोलनातून आली. तरीही तेवीस वर्षांनी, २०१६ मध्ये, मुक्तिपथ हा जिल्हाव्यापी कार्यक्रम सुरू करावा लागला. राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि डॉ. अभय व राणी बंग यांची सर्च संस्था यांनी मिळून. त्यात गावसंघटन आणि कायद्याच्या अंमलबजावणीबरोबर तालुक्याच्या ठिकाणी उपचाराची क्लिनिके आहेत. म्हणजे बंदी असलेल्या जिल्ह्यातही सरकारी पैसा घालून तालुक्यात उपचार न्यावे लागले. आपल्याकडे बंग दांपत्य नाही हे खरे. पण रायगडला एका पेणहून दुसऱ्या टोकाला जायला गडचिरोलीइतके जंगल आणि अंतरही ओलांडावे लागत नाही.

पेण-रोह्यातल्या कातकरी वाड्यांना सोडून हे काम करता येणार नाही. वीटभट्टीवर उचल घेऊन गेलेल्या कुटुंबाचे अर्धे वर्ष दारूच्या आणि कर्जाच्या हिशेबात जाते. पूर्वी मोहाची आणि ताडाची घरगुती दारू होती. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने ती गुन्हा ठरवली आणि सरकारला कर देणारी ठेकेदाराची दारू वाडीत आणली. सरकारी तिजोरी आणि आदिवासीचा ग्लास यांचे नाते इतके जुने आहे. रायगड अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे पेसा कायद्याने ग्रामसभेला मिळणारे दारूविषयीचे अधिकार इथल्या वाड्यांना नाहीत. पण आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय पेणमध्येच आहे. बौद्धवाडीचे आणि आदिवासीवाडीचे निवेदन एकत्र गेले तर सामाजिक न्याय, आदिवासी विकास आणि आरोग्य अशा तीन खात्यांना एकाच बैठकीत बसवता येईल.

आपल्या घरातलेही बोलू. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या मागे कोण कसे नाचतो ते आपण सगळे पाहतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. त्या तरुणांना हाकलून प्रश्न सुटत नाही, ते आपलेच आहेत. पण वर्गणीच्या पावती पुस्तकात "रुग्ण भाडे" असा एक रकाना वाढवायला मंडळाला कुणाची परवानगी लागत नाही. सरकारकडे मागताना आपण काय केले हे विचारले गेले तर तेवढे तरी सांगता येईल.

ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षीचा आराखडा २ ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या ग्रामसभेपासून बांधला जातो आणि तिच्या आधी महिला सभा होते. ठराव महिला सभेतून पुढे गेला तर त्याचे वजन वाढते. मसुदा असा ठेवता येईल: "ही सभा ठरवते की, उपजिल्हा रुग्णालयात दारू व अमली पदार्थांच्या रुग्णांसाठी चार खाटा, आठवड्यातून एक दिवस मानसोपचार ओपीडी आणि पूर्णवेळ समुपदेशक यांची तरतूद जिल्हा वार्षिक योजनेत करावी अशी शिफारस जिल्हा नियोजन समितीकडे करण्यात यावी, तसेच पाठपुराव्यासाठी जाणाऱ्या मागासवर्गीय रुग्णांचा प्रवासखर्च ग्रामपंचायतीच्या १५ टक्के निधीतून देण्यात यावा." सूचक आणि अनुमोदक यांची नावे इतिवृत्तात आली पाहिजेत. ग्रामसेवकांकडून, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून, ठरावाची सहीशिक्क्याची नक्कल घ्यावी आणि ती जिल्हाधिकारी व जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयात देऊन पोच घ्यावी.

रोह्याच्या त्या वाडीत सूचक म्हणून आपले नाव द्यायला त्या मुलाची आई तयार झाली आहे. अनुमोदक आम्ही अजून शोधत आहोत.